चाकात कोण चालत होतं?

मुलीच्या शाळेतल्या एल्टर्नआबेंडला, म्हणजे पालकसभेला, मी नेहमी मागच्या बाकावर बसते आणि कशासाठीही हात वर करत नाही. केक आणायला, सहलीला सोबत जायला, वर्गाच्या भिंती रंगवायला कुणी हवं असलं की मी मोबाइलमध्ये डोकं घालते. पण त्या संध्याकाळी लॅटिनच्या जुन्या बाई आल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, शाळेतून केव्हाच निवृत्त झालेल्या, पण गावाबाहेरच्या रोमन शेतघराचे अवशेष सांभाळणाऱ्या हौशी मंडळाच्या प्रमुख. त्यांनी पडद्यावर एक चित्र लावलं. रोममधल्या एका थडग्यावरचं कोरीव काम होतं ते. उंच लाकडी क्रेन, तिच्या बाजूला भलंमोठं चाक आणि चाकाच्या आत चालणारी चारपाच माणसं.

"उन्हाळ्यातल्या रोमन उत्सवासाठी ही क्रेन आम्हाला खरीखुरी बांधायची आहे," बाई म्हणाल्या. "सुतार आहे, लाकूड आहे. गणित करणारं कुणी मिळत नाहीये."

माझा हात कधी वर गेला मला कळलंच नाही.

मी मेकॅनिकल इंजिनियर. स्टुटगार्टजवळच्या एका सप्लायर कंपनीत गाडीची सीट मागेपुढे सरकवणाऱ्या यंत्रणेतल्या एका तळहाताएवढ्या भागाची गणितं करते. बरी नोकरी आहे, तक्रार नाही. पण मी केलेलं काम सीटखाली असतं आणि ते उघड्यावर दिसलं तर समजावं की काहीतरी बिघडलंय. इथे मात्र दोन मजले उंच लाकडी क्रेन! दोर, कप्प्या, चाक, आणि टोकाला एखाद्या धष्टपुष्ट म्हशीच्या वजनाचा दगड! घरी येईपर्यंत ट्रेनमध्ये पावतीच्या मागे माझी आकृती काढून झाली होती.

"तू हात वर केलास?" लेक जर्मनमध्ये किंचाळली. "माझ्या शाळेत? सगळ्यांसमोर?"

लेक तेरा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. मी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये सांगायचं, असा आमचा संसार वर्षानुवर्षं चाललेला. तिचा बाबा आठवडाभर ड्युसेलडॉर्फला, शुक्रवारी रात्री घरी. लॅटिन तिने निवडलं होतं ते फक्त जिवलग मैत्रिणीने निवडलं म्हणून.

त्यानंतरचे शनिवार आम्ही एका धान्याच्या जुन्या कोठारात काढले. सुतार म्हणजे पिळदार हातांचा, कमी बोलणारा गृहस्थ. मी आकडा सांगितला की "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणायचा आणि करवत उचलायचा. मोठ्या चाकाचा व्यास आणि त्याच्या आसाचा व्यास यांच्या प्रमाणात ताकद वाढते, वर कप्प्यांमुळे आणखी काही पट. घर्षणात किती जातं हे मात्र कुणालाच ठाऊक नाही, कारण तागाचा दोर आणि ओकचं लाकूड यांचे आकडे माझ्या ऑफिसातल्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीत. मग आम्ही स्प्रिंगचा काटा लावून ओढून बघायचो, दोराला चरबी लावायचो, पुन्हा ओढायचो. इतकी मजा मला कॉलेजच्या वर्कशॉपनंतर आली नव्हती. हातांना चरबीचा वास यायचा आणि सोमवारी मीटिंगमध्ये मी टेबलाखाली हात लपवून बसायचे.

लेक सुरुवातीला कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसायची. मग बाईंनी तिला क्रेनच्या भागांची लॅटिन नावं शोधायला लावली, मग खडूने ती लाकडावर लिहायला लावली आणि एका शनिवारी मी पाहिलं तर लेक चाकाच्या आतल्या पट्ट्या ठोकत होती.

पहिली चाचणी झाली त्या दिवशी सकाळी पावसाची भुरभुर होऊन गेली होती. क्रेन कोठारातून अवशेषांच्या मैदानावर नेऊन उभी केली होती. मागे द्राक्षमळ्यांची उतरण, समोर शेतघराचे गुडघाभर उंचीचे पाये. दगडाला लोखंडी चिमटा लावला. चाकात आधी कोणी जायचं? गणित माझं, तेव्हा मीच.

आत शिरले. पट्टीवर पाय ठेवला, दुसरा पाय पुढच्या पट्टीवर. काही झालं नाही. तिसरं पाऊल, चौथं. एकदम पायाखालचं लाकूड हळूच खाली गेलं, दोर करकरला आणि बाहेरून कुणीतरी ओरडलं, "हलला!"

काय सांगू! मी साठ किलोची बाई आणि माझ्या चालण्याने अर्ध्या टनाचा दगड जमिनीवरून सुटला होता. मोटर नाही, तेल नाही, वीज नाही. मी मोठमोठ्याने हसायला लागले. सुतार टाळ्या वाजवत होता, बाई आपली काठी हवेत फिरवत होत्या, लेक शूटिंग घेत होती. मी चालत होते, चालत होते आणि दगड कमरेएवढा, मग डोक्याएवढा वर आला.

मग तो खाली आणायचा होता.

वर नेताना माणूस पुढे चालतो. खाली आणताना उलटं, मागे मागे पाय टाकायचे. पाय कुठे पडतोय ते दिसत नाही आणि आता दगड तुम्हाला ओढत असतो. गणितात मी ही बाजू धरली होती, आकडे बरोबर होते, पण पट्ट्या भुरभुरीने ओल्या होत्या हे आकड्यांत नव्हतं. माझा पाय सरकला. मी गुडघ्यांवर आपटले आणि चाक फिरायला लागलं. ते मला घेऊन पुढच्या बाजूने वर चढलं, मी घसरून खाली, पुन्हा वर. दोर सणसणत सुटला होता. तेवढ्यात सुताराने ब्रेकच्या दांड्यावर अंग झोकून दिलं आणि चाक थांबलं. दगड मातीत रुतला.

गुडघा सुजला, कोपर सोलपटलं, बाकी काही झालं नाही. मी बाहेर येऊन गवतावर बसले तर लेक पांढरीफटक पडून समोर उभी. मोबाइल चिखलात पडला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"ममा," ती म्हणाली, "हा ब्रेक रोमन आहे का?"

"नाही गं. सुरक्षा तपासणीवाल्यांनी सक्ती केली म्हणून लावला. रोमनांकडे काय होतं कोणाला ठाऊक."

ती बाईंकडे वळली. "मग तेव्हा आत कोण चालायचं?"

"कामगार," बाई म्हणाल्या. "पुष्कळदा गुलाम."

"पुस्तकातले गुलाम तर स्वयंपाकघरात लाडू चोरून खातात आणि मालक त्यांच्यावर हसत रागावतो." लाडू नव्हे, ती केक म्हणाली, पण मला लाडूच ऐकू आलं. "चाकातले गुलाम पुस्तकात का नाहीत?"

बाईंनी आयुष्यभर तीच पाठ्यपुस्तकं शिकवली होती. मला वाटलं त्या चिडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर उलट आनंद पसरला, जणू या प्रश्नाची त्या कधीपासून वाट पाहत होत्या. "चल माझ्याबरोबर," म्हणाल्या आणि लेकीला गाडीत घालून घरी घेऊन गेल्या. संध्याकाळी ती परतली ती दोन पिशव्या भरून पुस्तकं घेऊन.

त्याच आठवड्यात माझे सासरे साताऱ्याहून आले. दर उन्हाळ्यात येतात. पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते, धरणांवर आयुष्य गेलं, त्यामुळे क्रेनचा फोटो दाखवताच चष्मा वर सारून म्हणाले, "अगं, याचा लोड फॅक्टर किती धरलास?" आणि पुढचा तास आम्ही दोघं कागदावर वाकून बसलो.

आजोबा आणि नात यांचं एरवीचं बोलणं म्हणजे पत्ते. रोज जेवणानंतर गुलामचोर. त्यात शब्द फारसे लागत नाहीत. राहिलेल्या वेळात मी मध्ये बसून दुभाषी. त्या बुधवारी मात्र पत्ते बाजूला राहिले. लेक पुस्तक उघडून जर्मनमध्ये भडाभडा बोलायला लागली आणि मी पोळ्या लाटता लाटता मराठी करत होते. एका पोळीचा नकाशा झाला, एक करपली. शेवटी मीच वैतागून म्हणाले, "तूच सांग बाई आजोबांना. मला जमत नाही."

ती थांबली. ओठ चावले. आणि मग तिने सुरू केलं. मराठीत!

"आजोबा, रोम लढाई करतो. जिंकतो. मग तिथली माणसं... पकडतो. सैन्याच्या मागे दुकानवाले चालतात, ते विकत घेतात माणसं. ती माणसं म्हणजे..." शब्द अडला. "ममा, स्क्लावं?"

"गुलाम," मी म्हणाले.

"गुलाम?" तिने टेबलावरचा पत्ता उचलला. "हा? हा गुलाम?"

"तोच शब्द," आजोबा म्हणाले.

ती पत्त्याकडे बघत राहिली. टोपीवाला, मिशीवाला, झकपक कपड्यातला गुलाम. "हा नाही," ती ठामपणे म्हणाली आणि पत्ता उलटा ठेवला. "ऐका ना. शेतकरी सैन्यात गेला. खूप वर्षं. त्याचं शेत कोण करणार? गुलाम. मोठे लोक शेतं घेतात, अजून गुलाम घेतात. धान्य येतं. आल्झो... म्हणजे, डोंगरात चांदी आहे, स्पेनमध्ये. खाली अंधार. कोण खणतं? गुलाम. चांदीचे पैसे सैनिकाला. सैनिक परत लढाई करतो. परत माणसं पकडतो."

"थांब, थांब," सासरे पुढे सरसावले. "तो शेतकरी लढून परत आला. मग?"

"मग त्याचं शेत नाही! दुसऱ्याचं झालं. तो शहरात जातो."

"अरेच्चा! म्हणजे लढला तो, आणि शेतही गेलं त्याचंच?"

"या! गेनाऊ!" म्हणजे हो, अगदी बरोबर, असं ती टेबलावर हात आपटत ओरडली.

मी लाटणं हातात धरून उभी होते. तिचं मराठी मोडकं होतं, क्रियापदं कुठेही पडत होती, पण ती अडखळून थांबत नव्हती. शब्द सापडला नाही की हातांनी दाखवत होती. सासरे म्हणाले, "आमच्या वेळी शाळेत रोमन रस्ते होते, कायदा होता, सैन्य होतं. हे एका ओळीत होतं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "साम्राज्य उभं राहिलं, मग श्रीमंतांनी गुलाम ठेवले, असं मी आजवर समजत होतो. ही तर म्हणते गुलामांशिवाय ते उभंच राहिलं नसतं."

"सगळे खाणीत नव्हते," लेक घाईने म्हणाली, कारण तिला अन्याय नको होता. "कोणी डॉक्टर होता. कोणी लिहायचा. कोणाला सोडून दिलं. पण चाकातले... त्यांचं नाव कुठेच नाही. थडगं ज्यांचं त्यांचं नाव आहे."

आम्ही तिघांनी वाकड्या, करपलेल्या पोळ्या खाल्ल्या. मी शुक्रवारी नवऱ्याला हे सगळं सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना.

अडचण आली ती मंडळाच्या बैठकीत. क्रेनशेजारी लावायच्या फलकाचा मसुदा तयार होता: रोमन तंत्रज्ञानामुळे एकटा माणूस केवढं वजन उचलू शकत असे वगैरे. लेक उठली आणि म्हणाली, यात चाकातल्या माणसाबद्दल काहीच नाही. मंडळात एक दातांचे डॉक्टर होते, दर उत्सवात रोमन सेनाधिकाऱ्याचा पोशाख घालून फिरणारे. लाल तुऱ्याचं शिरस्त्राण, चामडी चिलखत, सगळं हौसेने स्वतः शिवलेलं. ते गृहस्थ चांगले, पण वैतागले.

"लोक मुलाबाळांना घेऊन येतात," ते म्हणाले. "एक दिवस आनंदाचा असतो. आणि इथल्या या शेतघरात गुलामांनी असं चाक चालवलं याचा पुरावा आहे का?"

लेकीने बाईंकडे पाहिलं. प्रश्न खरा होता.

"नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "इथला पुरावा नाही. तेही फलकावर लिहू. पण काय माहीत आहे तेसुद्धा लिहू. आणि उत्सवाच्या दिवशी चाकापाशी ही मुलगी उभी राहील."

डॉक्टर काही बोलणार होते, पण सुतार, जो बैठकीत कधीच तोंड उघडत नसे, म्हणाला, "मी ब्रेकवर असतो. मला चालेल." विषय संपला.

उत्सवाच्या दिवशी लख्ख ऊन पडलं. मैदानावर माणसंच माणसं. भाजलेल्या सॉसेजचा धूर, लाकडी तलवारी घेतलेली पोरं, कुठेतरी बासरी. आणि मध्यभागी आमची क्रेन! तिच्याभोवती रांग लागली ती थेट गाड्यांच्या तळापर्यंत. आज नुसता खेळ नव्हता. शेतघराचं फाटक पुन्हा बांधलं होतं आणि त्याच्या खांबावर शेवटचा दगड बसवायचा होता. सकाळभर सरावाचा दगड वरखाली, दुपारी खरा.

लेकीने तिथे एक नियम काढला होता. मला आधी सांगितलाही नव्हता. "आत गेलात," ती प्रत्येकाला म्हणत होती, "की दगड वर जाऊन खाली येईपर्यंत बाहेर यायचं नाही. तुम्हाला कंटाळा आला तरी." लोक हसायचे. आत शिरायचे, पहिल्या पावलांना आरोळ्या ठोकायचे. मग आरोळ्या थांबायच्या. मग नुसता पावलांचा आवाज. बाहेर यायचे तेव्हा कपाळ पुसत, आणि नेमके तेव्हा ती त्यांना सांगायची: कोण असावेत, कुठून पकडून आणलेले, त्यांच्याशिवाय काय काय उभं राहिलं नसतं आणि आपल्याला काय माहीत नाही. घामाघूम माणूस पाण्याचा ग्लास हातात धरून मुकाट ऐकतो. फलक वाचताना मी कुणाला पाहिलं नाही, पण तिच्यापाशी माणसं थांबत होती.

दुपारी दातांचे डॉक्टर आले. पूर्ण पोशाखात. "मी जातो," म्हणाले. चिलखतासकट आत शिरले. अर्ध्यावर शिरस्त्राण काढून बाहेर दिलं, थोड्या वेळाने चिलखताचे पट्टे सोडले. सुतार हसू दाबत होता. डॉक्टर उतरले तेव्हा चेहरा त्यांच्या तुऱ्याच्या रंगाचा झाला होता. लेक बोलायला लागली तर त्यांनी हात वर केला. "कळलं," म्हणाले. आणि तिथेच गवतावर बसून तिचं सगळं पुन्हा एकदा, अगदी शेवटपर्यंत, ऐकून घेतलं. पुढच्या रांगेला पाणीही तेच वाटत होते.

मग खरा दगड. चिमटा लागला, मी कप्प्या तपासल्या, दोरावरून हात फिरवला. "चला, कोण?" म्हणून मागे वळते तर सासरे बूट काढून चाकाच्या तोंडाशी उभे!

"अहो बाबा! बाजूला व्हा बघू. गुडघे तुमचे!"

"अगं, जन्मभर लोकांना सांगत आलो, हे उचला, ते ठेवा. एकदा मला उचलू दे."

"मी पण," लेक म्हणाली आणि आत शिरून त्यांचा हात धरला. दोघं शेजारी शेजारी चालायला लागले. सुताराने ब्रेकवर दोन्ही हात ठेवले. मी दोरावर नजर लावून उभी राहिले.

"आजोबा, सावकाश! डावा पाय!"

"डावाच टाकतोय गं!"

सबंध मैदान त्यांच्या पावलांना ताल धरून टाळ्या वाजवायला लागलं. त्या गर्दीतल्या कुणालाच मराठी कळत नव्हतं, पण कुणीतरी "डावा! डावा!" असं ओरडायला लागलं आणि मग पन्नास जर्मन माणसं "डावा! डावा!" करत होती. दगड फाटकाच्या वर गेला, सुताराच्या माणसांनी काठ्यांनी तो हलकेच वळवला, मी हाताने इशारा केला, "बस!" आणि तो खांबावर बसला. धप्प असा दबका आवाज आला. बाईंनी काठी टाकून दिली आणि मला मिठी मारली. मी रडत होते की हसत होते, मला आता आठवत नाही. सासरे चाकातून बाहेर आले ते धापा टाकत, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: "दिवसभर? रोज?"

"रोज," लेक म्हणाली.

त्यांनी वर, दगडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाणी दे."

संध्याकाळी एस-बानने, म्हणजे लोकल ट्रेनने परतलो. तिघांचे कपडे चरबीने आणि मातीने माखलेले. समोर एक आजीबाई बसल्या होत्या, मांडीवर फुलांची कुंडी. त्यांनी आमच्याकडे नीट पाहून विचारलं, "तुम्ही काय बांधलंत?" झालं. लेक सुरू झाली. क्रेन, चाक, खाणी, सैन्यामागून चालणारे व्यापारी, शेत गेलेला शेतकरी. हातवारे करत, मध्येच माझ्याकडे वळून "बरोबर ना?" असं मराठीत विचारत. आजीबाईंनी प्रश्न विचारला, पलीकडच्या सीटवरच्या तरुणाने कानातलं काढून दुसरा विचारला. सासऱ्यांना जर्मन कळत नव्हतं, पण आता गोष्ट पाठ झाली होती, त्यामुळे ते प्रत्येक वळणावर मान डोलावत होते.

आमचं स्टेशन आलं. दारं उघडली. मी उठले, पिशवी खांद्याला लावली आणि लेकीकडे पाहिलं. ती नेमकी चांदीच्या खाणीत उतरली होती. सासऱ्यांनी माझी बाही ओढून मला खाली बसवलं. दारं मिटली आणि गाडी पुढच्या स्टेशनाकडे निघाली.